इंधनघटांतील पटल

श्रीखंड करावयाचें ठरलें, म्हणजे आदल्या रात्रीं दही स्वच्छ फडक्यांत बांधून खुंटीला टांगून ठेवतात. रात्रभर पाणी ठिबकत राहतें आणि सकाळीं फडक्यांत घट्ट चक्का उरतो. एकत्र मिसळलेल्या दोन वस्तूंपैकीं एकीला वाट द्यावयाची आणि दुसरीला अडवून धरावयाचें, हें काम तें फडकें मुकाट्यानें करीत असतें. वीण सैल असेल, तर दहीही निसटतें. फार दाट असेल, तर पाणी सुटत नाहीं. फडक्याचा सारा गुण, तें कोणाला जाऊं देतें आणि कोणाला अडवितें, यावर अवलंबून असतो.

आज ज्या वस्तूविषयीं मला आपणांशीं बोलावयाचें आहे, ती असेंच एक फडकें आहे. मात्र तें सुताचें विणलेलें नाहीं, त्याला डोळ्यांस दिसेल असें छिद्र नाहीं, आणि तें जी निवड करतें ती वस्तूचा आकार पाहून करीत नाहीं. हायड्रोजन वायूपासून वीज उत्पन्न करणाऱ्या इंधनघटांत, आणि उलट विजेच्या साह्यानें पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रांत, एक पातळ पारदर्शक पापुद्रा बसविलेला असतो. विद्युद्भारित कणांना आपल्या अंगांतून वाट देणारें बहुवारिकाचें पटल, असें त्याचें लांबलचक वर्णन करतां येईल. बहुवारिक म्हणजे एकासारख्या एक अशा हजारों रासायनिक कड्या जोडून झालेली साखळी. आपण सोयीसाठीं त्याला नुसतें पटल म्हणूं.

हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्या, हायड्रोजनचे कारखाने, त्यांसाठीं मंजूर झालेले कोट्यवधि रुपये, यांविषयीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येतें. परंतु त्यांतील पुष्कळशा योजना ज्या केंसाहून पातळ पापुद्र्यावर उभ्या आहेत, त्याचें नांव मात्र क्वचितच कानीं पडतें. त्याची ओळख करून द्यावी, आणि ज्या गुणामुळें तें थोर ठरलें त्याच गुणांत त्याचा मोठा दोष कसा दडलेला आहे हें सांगावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. १८०० सालीं व्होल्टाच्या विद्युद्घटमालेची वार्ता इंग्लंडांत पोंचली, तेव्हां विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल या दोघांनीं तशी माला तयार करून तिच्या तारा पाण्यांत सोडल्या. एका तारेपाशीं हायड्रोजन आणि दुसरीपाशीं प्राणवायु असे पाण्याचे दोन घटक वेगळे झाले. वीज खर्च केली म्हणजे पाणी फोडतां येतें, हें सिद्ध झालें. मग साहजिकच उलट प्रश्न उभा राहिला. हे दोन वायु पुन्हां एकत्र आणले, तर खर्च केलेली वीज परत मिळेल काय?

या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. वेल्समधील स्वान्सी गांवचा विल्यम ग्रोव्ह हा व्यवसायानें वकील. पुढें तो न्यायाधीशही झाला. १८३९ सालीं त्यानें, आणि त्याच सुमारास स्वित्झर्लंडांतील बाझल येथें शनबाइन यानें, हायड्रोजन व प्राणवायु यांच्या सान्निध्यांत ठेवलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून विजेचा प्रवाह मिळतो, असें दाखवून दिलें. पट्ट्यांचीं दुसरीं टोंकें सौम्य गंधकाम्लांत बुडविलेलीं होतीं. १८४२ सालीं ग्रोव्हनें असे अनेक घट जोडून त्यांच्या विजेनें पुन्हां पाणी फोडून दाखविलें. पाण्यापासून वायु, वायूंपासून वीज आणि विजेनें पुन्हां पाण्याचे वायु, असें एक पूर्ण वर्तुळ त्यानें प्रयोगशाळेच्या मेजावर मांडलें.

आतां या वर्तुळाचें मर्म काय, तें पाहूं. हायड्रोजनला काडी लावली, तर तो प्राणवायूशीं एकदम संयोग पावतो. ज्योत दिसते, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते. वीज कांहीं मिळत नाहीं. इंधनघटांतही तोच संयोग होतो आणि तेंच पाणी तयार होतें. फरक एवढाच, कीं तेथें या संयोगाला सरळ रस्त्यानें जाऊं दिलें जात नाहीं. हायड्रोजनचा अणु अगदीं साधा: एक धनभारित प्रोटॉन आणि एक ऋणभारित इलेक्ट्रॉन. घटाच्या एका बाजूस प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांवर या जोडीची ताटातूट होते. प्रोटॉनला मधल्या आम्लांतून पलीकडे जावयास वाट असते; इलेक्ट्रॉनला ती नसते. त्यानें तारेच्या लांबच्या वाटेनें वळसा घालून गेलें पाहिजे. या लांबच्या वाटेवर आपण दिवा किंवा मोटार बसविलेली असते. नाक्यावर जकात भरल्यावांचून जसा गाडीवानास पुढें जातां येत नाहीं, तसें इलेक्ट्रॉनला आपलें काम करून दिल्यावांचून पलीकडे पोंचतां येत नाहीं. पलीकडे प्राणवायु वाट पाहत असतो. तेथें प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्राणवायु एकत्र येतात आणि पाणी होतें.

यावरून मधल्या पदार्थानें तीन कामें केलीं पाहिजेत, हें ध्यानांत येईल. प्रोटॉनला जाऊं द्यावें, हें पहिलें. इलेक्ट्रॉनला अडवावें, हें दुसरें. कारण तोही आंतूनच निसटला, तर जकात बुडाली. आणि दोन्ही वायु एकमेकांपासून दूर ठेवावे, हें तिसरें. कारण ते आंतच भेटले, तर वीज राहिली बाजूला, उलट आग मात्र लागावयाची.

पातळ गंधकाम्लानें हें काम प्रयोगशाळेंत साधतें. परंतु हलणाऱ्या वाहनांत आम्लाचें पात्र हिंदकळतें, गळतें, आणि लोखंडाला खातें. विमान किंवा अवकाशयान असेल, तर वर कोणतें आणि खालीं कोणतें याचाच ठिकाणा नसतो. मग न सांडणारें आम्ल, हातांत धरतां येईल असें आम्लाचें एखादें पान करतां येईल काय?

तें करतां येतें, हें १९५५ च्या सुमारास अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या विल्यर्ड टॉमस ग्रब या रसायनशास्त्रज्ञानें दाखविलें. जड पाणी मऊ करण्यासाठीं जीं आयन-विनिमयी राळेचीं द्रव्यें वापरतात, त्यांच्याच जातीचा एक पापुद्रा त्यानें घेतला. त्यांतील बहुवारिकाच्या साखळीवर गंधकाम्लाचे अंश कायमचे जखडलेले असतात. पापुद्रा ओला झाला म्हणजे त्या अंशांतील प्रोटॉन मोकळा होतो आणि मागें जागच्या जागीं ऋणभार उरतो. त्याच कंपनींतील लिओनार्ड नीड्राख यानें त्या पापुद्र्यावर प्लॅटिनम बसविण्याची युक्ति काढली, आणि घट तयार झाला.

या घटाची पहिली मोठी कसोटी अवकाशांत लागली. १९६५ च्या ऑगस्टमध्यें जेमिनि-५ हें यान गॉर्डन कूपर व पीट कॉनराड या दोन अंतराळवीरांना घेऊन पृथ्वीभोंवतीं फिरूं लागलें. त्यांत वीज पुरविण्याचें काम प्रथमच इंधनघटांवर सोंपविलें होतें. आरंभींच प्राणवायूच्या टाकींतील दाब धोक्याचा इशारा मिळावा इतका उतरला. तरीही घट चालत राहिले आणि आठ दिवसांची फेरी पुरी झाली. परंतु त्या यशांतही एक उणीव होती. घटांत तयार झालेलें पाणी अंतराळवीरांना पितां येत नव्हतें. पापुद्रा पॉलिस्टायरीन नांवाच्या बहुवारिकाचा होता. तो हळूहळू झिजत होता आणि त्याचे अंश पाण्यांत उतरत होते. पापुद्रा स्वतःच आपली कथा पाण्यांत लिहीत होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

झीज होण्याचें कारण असें. घटांत प्राणवायूपासून पाणी होत असतांना मधल्या पायरीवर थोडें हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतें. जखम धुण्यासाठीं पूर्वीं घरोघर वापरीत तेंच हें द्रव्य. त्यापासून अत्यंत अस्वस्थ असे अणुगट निघतात आणि ते जवळ जें सांपडेल त्यावर तुटून पडतात. सामान्य बहुवारिकांतील कार्बन व हायड्रोजन यांची गांठ त्यांच्यापुढें टिकत नाहीं. तेव्हां पटल टिकावयाचें असेल, तर त्याची गांठ अधिक पक्की हवी होती.

ती गांठ दुसऱ्या एका शोधांत आधींच तयार होऊन बसलेली होती. १९३८ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट यास वायूच्या नळकांड्यांत अवचित एक पांढरी भुकटी सांपडली. तिलाच पुढें टेफ्लॉन हें नांव मिळालें. न चिकटणाऱ्या तव्यांमुळें तें आज प्रत्येक घरीं माहीत आहे. टेफ्लॉनमध्यें हायड्रोजनची जागा फ्लोरीननें घेतलेली असते, आणि कार्बन व फ्लोरीन यांची गांठ ही रसायनशास्त्रांतील अत्यंत घट्ट गांठींपैकीं एक आहे. सातव्या दशकांत त्याच कंपनीच्या वॉल्टर ग्रोट यानें टेफ्लॉनसारख्या साखळीला गंधकाम्लाचे अंश टोंकाशीं असलेल्या शाखा जोडून एक नवें बहुवारिक केलें. त्याचें नांव नाफिऑन. मीठ व पाणी यांपासून कॉस्टिक सोडा व क्लोरीन काढण्याच्या कारखान्यांत त्यास मोठें काम मिळालें, आणि पाऱ्याचे विषारी घट मागें सारण्यास अशा पटलांचा फार उपयोग झाला. इंधनघटांत तर त्यानें आपल्या आधींच्या पापुद्र्यांना बाजूस सारलें.

नाफिऑनच्या आंत काय चालतें, हें ऐकण्यासारखें आहे. साखळीचा टेफ्लॉनसारखा भाग पाण्याला जवळ येऊं देत नाहीं. उलट शाखांच्या टोंकांवरील आम्लाचे अंश पाण्यासाठीं आसुसलेले असतात. एकाच रेणूंत असे दोन विरुद्ध स्वभाव असल्यामुळें पटल ओलें झालें, कीं त्यांत आपोआप मीटरच्या कांहीं अब्जांश रुंदीच्या पाणथळ वाटा तयार होतात. या वाटांच्या कांठांवर ऋणभार जखडलेला असतो. म्हणून धनभारित प्रोटॉन त्यांत शिरूं शकतो आणि ऋणभारित कण परत लोटला जातो. इलेक्ट्रॉनला तर या पदार्थांत पाय ठेवण्यास जागाच नसते. मीं आरंभीं म्हटलें, कीं हें फडकें आकार पाहून निवड करीत नाहीं, तें याचसाठीं. चाळण मोठें लहान पाहते. हें पटल भार पाहतें.

प्रोटॉन पुढें कसा जातो, तेंही मनोरंजक आहे. रस्त्याच्या कामावर मजूर एका ओळींत उभे राहून खडीचीं घमेलीं हातोहात पुढें देतात, हें आपण पाहिलें असेल. मजूर जागचे हलत नाहींत, पण घमेलें भराभर दुसऱ्या टोंकाला पोंचतें. पाण्याचे रेणु कांहींसें असेंच करतात. एका रेणूकडे प्रोटॉन आला, कीं तो आपल्याकडील दुसरा प्रोटॉन शेजाऱ्यास देतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्यास. ही कल्पना ग्रोथस यानें १८०६ सालीं, अणूच्या रचनेविषयीं कांहींच ठाऊक नसतांना, मांडली होती. अर्थात् घमेलीं हातोहात जावयाचीं तर मजुरांची ओळ तुटतां उपयोगी नाहीं. पटल सुकलें, तर प्रोटॉनची वाट बंद होते. म्हणूनच असे घट बहुधा ८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास किंवा त्याहून कमी उष्णतेवर चालवितात, आणि पटल ओलें राहील पण पाण्यानें तुंबणार नाहीं, याची सतत काळजी घेतात.

एका घटाचा विद्युद्दाब तत्त्वतः १.२३ व्होल्ट भरावयास हवा. परंतु काम घेतांना तो ०.६ ते ०.७ व्होल्टच राहतो. यासाठीं वहीच्या पानांप्रमाणें शेंकडों घट एकावर एक रचावे लागतात. टोयोटा कंपनीची मिराई नांवाची मोटार २०१४ सालीं जपानांत विक्रीस आली. तींत असे ३७० घट होते. एका पटलास भोंक पडलें, तर साऱ्या रचनेला धोका पोंचतो, हें यावरून दिसेल.

हाच घट उलट चालविला, म्हणजे पाणी फोडण्याचें यंत्र होतें. एका बाजूस शुद्ध पाणी सोडतात आणि सुमारें १.८ ते २ व्होल्टांचा दाब देतात. प्राणवायु त्याच बाजूस सुटतो. प्रोटॉन पटलांतून पलीकडे जातात आणि तेथें त्यांचा हायड्रोजन होतो. पाणबुड्यांत खलाशांना श्वासासाठीं प्राणवायु पुरविण्यास ही योजना कामीं आली, आणि २००७ सालीं आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरही असें यंत्र सुरू झालें. सूर्य व वारा यांची वीज लहरी असते. ढग आला कीं ती उतरते. असा चढउतार हीं पटलाचीं यंत्रें सहज सोसतात, हा त्यांचा आज विशेष मानला जाणारा गुण होय.

येथवर पटलाचें कौतुक झालें. आतां त्याच्या अडचणी पाहूं.

पहिली अडचण जाडीची. पटल जितकें पातळ, तितकी प्रोटॉनची वाट जवळची आणि विजेचा नाश कमी. परंतु तितकाच वायूला चोरून पलीकडे जाण्याचाही मोह अधिक. पाणी फोडण्याच्या यंत्रांत प्राणवायूच्या बाजूस हायड्रोजनचें प्रमाण शेंकडा चारपर्यंत गेलें, तर मिश्रण पेट घेण्याजोगें होतें. म्हणून तेथें मिलिमीटरच्या पंचमांशाच्या जवळपास जाडीचीं पटलें फार दिवस वापरीत आले आहेत. उलट मोटारींच्या घटांत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास जाडीचीं पटलें येऊं लागलीं आहेत. माणसाचा केंस यांच्या कितीतरी पट जाड असतो. एवढें पातळ पटल फाटूं नये म्हणून त्याच्या पोटांत सच्छिद्र टेफ्लॉनची जाळी घालतात, आणि मघां सांगितलेल्या त्या अस्वस्थ अणुगटांना वाटेंतच शांत करण्यासाठीं सीरियम धातूचा किंचित् अंश मिसळतात. मालवाहू मोटारींतील घट २०३० पर्यंत २५,००० तास टिकावे, असें उद्दिष्ट अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानें ठरविलेलें आहे. टिकाऊपणाची लढाई अजून चालूच आहे, याची ही साक्ष होय.

दुसरी अडचण धातूंची. पटल आम्लधर्मी असल्यामुळें त्याच्या सान्निध्यांत स्वस्त धातु टिकत नाहींत. पाणी फोडतांना प्राणवायूच्या बाजूस तर इरिडियमखेरीज भरंवशाचा आधार अजून सांपडलेला नाहीं. हा धातु प्लॅटिनमच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून निघतो, तोही मुख्यत्वेंकरून दक्षिण आफ्रिकेंत. साऱ्या जगाचें वर्षाचें उत्पादन सुमारें सातआठ टन, म्हणजे एका मालमोटारीच्या ओझ्याइतकें. तेव्हां प्रत्येक यंत्रांत इरिडियम आज लागतो त्याच्या कितीतरी कमी लागावा, यासाठीं संशोधक झटत आहेत.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर, आणि माझ्या मतें ती आपणां सर्वांच्या विचारास पात्र आहे. कार्बन व फ्लोरीन यांची जी घट्ट गांठ पटलाला घटांत टिकवून धरते, तीच गांठ तें टाकून दिल्यावर मातींतही सुटत नाहीं. ऊन, पाऊस, जंतु यांपैकीं कोणालाही ती सहजासहजीं तोडतां येत नाहीं. या जातीचीं हजारों रसायनें गेल्या ऐंशीनव्वद वर्षांत माणसानें तयार केलीं, आणि त्यांतील कांहींचे अंश आज नद्यांत, विहिरींत आणि मनुष्याच्या रक्तांतही सांपडतात. इंग्रजींत त्यांना ‘कायमचीं रसायनें’ अशा अर्थाचें नांवच पडलें आहे. फ्लोरीनयुक्त बहुवारिकें तयार करण्यास साह्यकारी म्हणून वापरलें जाणारें एक आम्ल तर २०१९ सालीं स्टॉकहोम कराराखालीं बंदीच्या यादींत गेलें. २०२३ च्या आरंभीं जर्मनी, नेदर्लंड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पांच देशांनीं या सबंध वर्गावरच युरोपांत निर्बंध घालण्याचा प्रस्ताव पुढें मांडला.

न्यायानें पाहिलें, तर नाफिऑनसारखें घन, मोठ्या रेणूचें पटल स्वतः पाण्यांत विरघळून फिरत नाहीं; विहिरींत सांपडणाऱ्या लहान रेणूंशीं त्याची सरसकट बरोबरी करणें योग्य होणार नाहीं. परंतु तें तयार करतांना जीं द्रव्यें लागतात त्यांचें, घटांत झिजतांना जे सूक्ष्म अंश पाण्याबरोबर बाहेर पडतात त्यांचें, आणि शेवटीं भंगारांत गेलेल्या पटलाचें काय होतें, हे प्रश्न राहतातच. हवा स्वच्छ करण्याकरितां आपण पाणी व माती मलिन करीत नाहीं ना, असें विचारण्याचा अधिकार कोणाही सुबुद्ध नागरिकास आहे.

या प्रश्नाचा संबंध आपल्याशीं दूरचा नाहीं. भारत सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें १९,७४४ कोटी रुपयांची हरित हायड्रोजन योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला निदान ५० लाख टन असा हायड्रोजन काढण्याची क्षमता उभी करावी, असें तिचें उद्दिष्ट तेव्हां ठरलें होतें. पुण्यांतील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत ऑक्टोबर २०२० मध्यें देशी बनावटीच्या इंधनघटावर चालणाऱ्या मोटारीची चांचणी झाली. तिचे घट ६५ ते ७५ अंश उष्णतेवर चालतात. ऑगस्ट २०२२ मध्यें पुण्यांतच अशा घटावर चालणारी प्रवासी बसही लोकांपुढें आली. तेव्हां पटलाचा विचार हा आतां केवळ परदेशी मासिकांचा विषय राहिलेला नाहीं.

अशा वेळीं उत्साहाबरोबर हिशेबही चोख असावा. एक किलो हायड्रोजनसाठीं तत्त्वतः नऊ लिटर पाणी आणि प्रत्यक्षांत पन्नासपंचावन्न युनिट वीज खर्च होते. तो किलो गाडींतील घटांत घातला, तर सोळासतरा युनिटांच्या आसपास वीज परत मिळते. म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश वाटेंतच गेली. विजेच्या संचायक घटांत, ज्यांना आपण बॅटरी म्हणतों, साठविलेल्या विजेचा पुष्कळ मोठा भाग परत हातीं येतो. मग हायड्रोजनचा आग्रह कशास? तर जेथें नुसती वीज पुरत नाहीं, तेथें त्याचें खरें काम आहे. शेताला लागणारें नत्रयुक्त खत हायड्रोजनवांचून होत नाहीं. खनिज तेल शुद्ध करण्यास तो लागतो. लोखंडाच्या खनिजापासून कोळशाशिवाय लोखंड काढण्यास तो लागेल. आज हा हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायु व कोळसा यांपासून काढतात. वायूपासून एक टन हायड्रोजन काढतांना नऊदहा टन कार्बन-डाय-ऑक्साइड हवेंत जातो. तो थांबविण्यासाठीं पटल खर्चीं पडलें, तर तें सत्कारणीं लागलें असें म्हणतां येईल. केवळ मिरविण्याच्या गाडीसाठीं तें खर्चूं नये.

यापुढील वाटाही संशोधकांनीं धरलेल्या आहेत. एक वाट फ्लोरीनवांचूनच्या, कार्बनचीं कडीं एकमेकांस जोडून केलेल्या बहुवारिकांची. त्यांतून वायु कमी निसटतो, पण दीर्घ टिकाऊपणा अजून सिद्ध व्हावयाचा आहे. दुसरी वाट आम्लाऐवजीं अल्कधर्मी पटलाची. त्यांतून प्रोटॉन न जातां पाण्याचा ऋणभारित अर्धा भाग उलट दिशेनें जातो, आणि तेथें इरिडियमऐवजीं साधें निकेल चालतें. मात्र या पटलावरील धनभारित अंशांना अल्कच हळूहळू खाऊन टाकतें, ही तेथील अडचण. तिसरी वाट सर्वांत साधी आणि आजच धरण्यासारखी: जुनीं पटलें कचऱ्यांत न टाकतां परत गोळा करावीं, त्यांतील प्लॅटिनम व इरिडियम काढून घ्यावे, आणि बहुवारिकही विरघळवून नव्यानें ओतावें. मात्र तीं न पाहतां जाळूं नयेत; कारण फ्लोरीनयुक्त द्रव्य जाळलें, तर त्यांतून निघणारें हायड्रोफ्लोरिक आम्ल अत्यंत घातक असतें.

श्रोतेहो, फडक्याची गोष्ट सांगून मीं आरंभ केला. श्रीखंडाचें फडकें आपण वापरून झाल्यावर धुऊन पुन्हां घडी करून ठेवतों. फाटलें, तर तें अखेरीस मातींत मिळतें. या नव्या फडक्याविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. म्हणून यापुढें हायड्रोजनवरील एखादी नवी गाडी किंवा नवा कारखाना आपल्यासमोर येईल, तेव्हां त्याच्या चकचकीत बाह्यांगावर भाळून न जातां तीन साधे प्रश्न विचारावे: ही वीज कोठून आली? आंतील पटल किती वर्षें टिकेल? आणि टिकून झाल्यावर तें कोठें जाणार? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें विकणारे आनंदानें देतील. तिसऱ्याचें उत्तर मिळेपर्यंत आपण तो विचारीतच राहिलें पाहिजे.